आजा विचार

घराला दार नसलेल्या गावात बसून मी जगाची दारं लावते-उघडते, असं हर्षल मला चिडवतो. हर्षल म्हणजे माझा पुण्यातला साहेब. ‘काम बंद दाराआड करावे’ असा कंपनीचा नियम. आता शनिशिंगणापुरात दार कुठून आणू? शेवटी कॉम्प्युटरचं तोंड भिंतीकडे फिरवून मी भिंतीला टेकून बसले, तेव्हा कंपनीनं हात टेकले.

काम असं. दहशतवाद्यांशी लागेबांधे असल्याचा संशय असलेल्या परदेशी सशस्त्र टोळ्या आणि त्यांची माणसं कायद्यानं यादीत घातली आहेत. त्यातलं नाव बँकेच्या व्यवहारात दिसलं, की पैसा जागच्या जागी गोठतो. नाव यंत्र पकडतं. माणूस तोच की दुसरा, हे मी सांगायचं. कुठल्या डोंगरात लपलेला बंदूकवाला आणि कुठली मी! पहिल्या दिवशी प्रत्येक नाव मी तीनतीनदा वाचलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही वाचते.

त्या मंगळवारी इराकमधून पुण्याच्या एका हॉस्पिटलसाठी पैसे आले. पाठवणारा खलील जासिम, सात वर्षांच्या मुलीचा बाप. मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. यंत्र लाल झालं. यादीत खलील जासिम हमूद होता आणि जन्मसालही तेच. दुपारी चारपर्यंत पैसे सुटले नाहीत तर ऑपरेशन लांबणार, आणि पोर तेवढं थांबणार नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. सोडले आणि माणूस तोच निघाला, तर ज्यांनी गावंच्या गावं मारली त्यांना वाट करून देणारी मी. मला रडू यायला लागलं.

सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. नावं सांगायची सोय नाही, म्हणून मी गावातलीच नावं घेतली. “आत्याबाई, दोन राधाकृष्ण हायेत. दोघांचे बापबी विठ्ठल. वळखायचे कसे?”

“त्यात काय? आजा विचार.” त्यांनी मान वर केली नाही. “बापापर्यंत मानूस चुकतं. आज्यापाशी सापडतं.”

बँकेच्या फॉर्मवर आज्याला जागाच नव्हती. मी हॉस्पिटलचे कागद उघडले. मुलीचा पासपोर्ट होता: नूर खलील जासिम अब्बास. मी ते चार शब्द बघत राहिले. तिकडच्या रीतीनं ओळीनं तिचं, बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं. म्हणजे या खलीलचा आजा अब्बास. यादीतल्यासारखा हमूद नव्हे! मागच्या पानावर बापाचं ओळखपत्र होतं. जन्मगावही यादीतल्यापेक्षा वेगळं. मी सगळं लिहून हर्षलकडे पाठवलं आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिले.

चारला दहा कमी असताना त्याचा फोन आला. “सुटले पैसे. मुलीला आत घेतायत.”

एवढा मोठा कायदा, एवढे देश, एवढी यंत्रं. आणि त्या सगळ्यांपुढे पोरीच्या बाजूनं कोण उभं राहिलं, तर तिनं कधी पाहिलाही नसेल असा पणजा.

“काय झालं गं?” आत्याबाईंनी विचारलं.

“एका पोरीला तिचा पणजा पावला.”

“जिता हाय?”

“न्हाई वाटत.”

त्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि कोण, कुठला हे न विचारता त्याला हात जोडले.