बिनधुराची काहील

“धुराडं बघा, मायबाप! धुराडं बघा!”

वाफेबाबाचा चेला गुंडा हातातली काठी आभाळाकडं रोखून ओरडत होता, आणि दीड-दोनशे माना एकदम वर होत होत्या. सोलापूर मागं टाकून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं, त्याचं ते धुराडं. बहात्तरच्या दुष्काळात मालकाची विहीर आटली, ऊस उभ्यानं वाळला, आणि मालक चरक जागच्या जागी टाकून पुण्याला लेकाकडं निघून गेला. त्याला दोन वर्षं झाली. आता तिथं दर मंगळवारी आणि शुक्रवारी जत्रा भरायची. टांगे, सायकली, बैलगाड्या, नारळवाले, आणि रात्रपाळी संपवून परस्पर आलेले, केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन उभे राहिलेले गिरणीकामगार.

“हाय का धूर? न्हाय! जाळ दिसतोय का? न्हाय! आन् पानी? हात घाला, चटका बसंल! मग कोन तापवतंय?”

“भूमाता!” गर्दी ओरडली.

“कुनाच्या हुकमानं?”

“वाफेबाबाच्या!”

“भूमातेला येवढा ताप भरलाय, तर आधी दवाखान्यात न्या की तिला,” गर्दीच्या मागं खुंटावर टेकलेली कमरबी पुटपुटली. शेजारच्या बाईनं असे डोळे वटारले, की कमरबीनं पदर तोंडावर ओढून घेतला.

कमरबी सुईण. गिरणीमागच्या चाळींतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. त्यांतल्या विजयमालाची दोन्हीही. पहिली शेवंता, घरातली शेवी. ती दीड वर्षाची होऊन गेल्या वैशाखात गेली. दुसरा आता तीन महिन्यांचा. पहिलं लेकरू गेलेलं, दुसऱ्याला कुणाची नजर लागू नये, म्हणून त्याचं नाव धोंडीराम ठेवलेलं. मागच्या शुक्रवारी विजयमाला इथून घरी आली ती थेट कमरबीच्या दारात.

“मावशी, माझी शेवी दिसली. वाफेत उभी होती. तुमी एकदा बघाच.”

म्हणून कमरबी आली होती. बघू तरी, एवढ्याच मनानं. आणि दुसरं, गुडघे दुखत होते.

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची अवाढव्य लोखंडी कढई. बसलं तर पाणी छातीला लागावं एवढी खोल. पूर्वी ती उघड्या छपराखाली चुलवाणावर, गुळाच्या भट्टीवर, बसवलेली होती. बाबांनी तिच्याभोवती चारी बाजूंनी भिंती उठवल्या होत्या, दाराखिडक्यांवर सांगोल्याच्या जाड घोंगड्या दुहेरी टांगल्या होत्या. भर दुपारी आत अंधार. लोबानाचा वास इतका दाट, की दुसरं काही नाकाला लागूच नये. धोंडीरामला बाहेर बापाजवळ, रावजीजवळ ठेवून विजयमाला आत आली. कमरबी धरून चार बाया लुगड्यांसकट पाण्यात उतरून लाकडी पाटांवर बसल्या. बाबा काही आत आले नाहीत. भिंतीतल्या वीतभर झरोक्यातून नुसता त्यांचा आवाज आला.

“जीवांनो, देह विसरा. कान वाजतील, भिऊ नका. ते पाताळाचे चौघडे. मस्तक जड होईल, भिऊ नका. ते कर्म उतरते आहे. वाफेकडे पाहा. तुमचे माणूस निघाले आहे… आले… उंबऱ्यापाशी आले…”

पाच मिनिटांत कमरबीच्या गुडघ्यांतली कळ विरघळली. या अल्ला, ऊन पाणी काय चीज असते! मग हळूहळू कान वाजायला लागले. लांब कुठंतरी शंभर माग एकदम चालू झाल्यासारखे. मग हातपाय आपले नव्हेत असं झालं. आणि समोरची पांढरी वाफ एका जागी विरळ झाली.

काहिलीच्या कडेला शेवी उभी होती. उघडीवाघडी. डोळे खोल गेलेले, ओठांची सालं निघालेली.

“मावशी,” शेवी म्हणाली, “पानी.”

कमरबी बाहेर कशी आली ते तिचं तिला कळलं नाही. भिंतीला धरून ती भडाभडा ओकली. डोकं कुणी आतून कुदळीनं खणत होतं.

“वकारी आली?” गुंडा खुशीत येऊन ओरडला. “पाप भाईर पडलं! डोकं धरलं? बाधा सुटली! गाल बघा कसे लाल झाल्यात! बाबाचं तेज, मायबाप, बाबाचं तेज!”

विजयमालाचेही गाल लाल होते. तिच्यापुढं बाबा उभे होते, डोळे अर्धे मिटून. “माई, तुझ्या लेकीचा जीव धाकट्या भावात अडकला आहे. मंगळवारी लेकराला आत घेऊन बस. बहीणभाऊ भेटतील, ती मोकळी होईल. नाहीतर ती त्याला आपल्याकडे ओढेल.”

टांग्यात बसल्यावर कमरबीनं विचारलं, “कशी दिसली गं तुला?”

“पिवळ्या झबल्यात. तुमीच टाचलेल्या.” विजयमालाचा चेहरा न्हाऊन निघाल्यासारखा झाला होता. “गुटगुटीत, मावशी. हसत होती.”

एकच पोर, एकाच वाफेत, एकाच घटकेला अंगात झबलं घालून हसत होती आणि उघडीवाघडी तहानेनं मरत होती? कमरबीला प्रश्न पडला. पण भीती प्रश्नापेक्षा मोठी होती.

कारण वैशाखात शेवीला हगवण लागली, तेव्हा “पानी देऊ नगं, आनखी पातळ व्हईल” असं सांगणारी कमरबीच होती. तिच्या आईनं तेच सांगितलं होतं, आईच्या आईनंही. पोर माठाकडं हात करायची, आणि विजयमाला तोंड फिरवून बसायची. तिसऱ्या दिवशी हात उचलायचाही राहिला. पुढं महिन्याभरानं सरकारी दवाखान्यातली नर्सबाई बोलता बोलता म्हणाली, “अहो, हगवणीत पाणीच तर द्यायचं. उकळून गार केलेलं, मीठ-साखर घालून, चमच्या चमच्यानं.” कमरबी तशीच उठून घरी आली होती. विजयमालाला तिनं हे आजवर सांगितलं नव्हतं.

मंगळवारपर्यंतचे चार दिवस तिला काही सुचलं नाही. माठातून तांब्या बुडवला की मागं कुणीतरी उभं. अंगणात सडा टाकला की कुणीतरी ओलीकडं बघतंय. शनिवारी एका पोराला न्हाऊ घालताना ते रडलं, आणि रडण्यात तिला तोच शब्द ऐकू आला: पानी. तिनं पोर त्याच्या आजीच्या हातात दिलं आणि न्हाणीबाहेर जाऊन बसली.

मंगळवारी सकाळी एका बाळंतिणीच्या शेगडीसाठी कोळसा हवा होता. महादेवप्पाच्या वखारीत पाटी घेऊन गेली, तर वखार रिकामी.

“अय्यो कमरबी, कोळसा कुठला आता!” महादेवप्पा तराजूला टेकून बसला होता. “सगळा माल त्या वाफेबाबाला. आठवड्याला सहा पोती. सांगोल्याकडं ओढ्याकाठी एक बाभूळ उभी राहिली नाही बघ. हिरवी बी तोडून भट्टीला लावतात.”

“त्येला कोळसा कशाला रे?”

“देवाला लागत असेल. मी विचारत नाही, मी वजन करतो.”

“मग लाकूड का न्हाय घेत? सस्त पडंल की.”

“लाकडाला धूर येतो ना गं.”

कमरबीच्या हातातली पाटी खाली पडली.

दुधनी गाव. वीस वर्षांपूर्वीचं थंडीतलं बाळंतपण. कमरबीनं सांगितलं होतं, कोळसा अंगणात पुरता लाल होऊ द्या, मग शेगडी आत घ्या, आणि दार बोटभर तरी उघडं ठेवा. पण माहेरच्यांना माया आली. दाराला घोंगडी लावली, खिडकीत चिंध्या कोंबल्या, शेगडी काठोकाठ भरली. सकाळी दार फोडलं तेव्हा माय-लेकरू दोघंही गुलाबी दिसत होती, आत्ताच झोप लागल्यासारखी. डॉक्टर म्हणाला होता, कोंडलेल्या कोळशाचा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं धरतं, कान वाजतात, भ्रम होतो, मग माणूस निजतं ते निजतंच.

ती चाळीकडं धावली. विजयमालाच्या दाराला कडी होती. “गेली की, मघाशीच,” शेजारीण म्हणाली. “बाळाला नवं कुंचडं घालून.”

टांगेवाला पीरसाब तिच्या ओळखीचा. “क्या हुआ कमरबी?” त्यानं विचारलं. “घोड्याला विचारू नको, मला विचारू नको, नुसता हाक!” ती म्हणाली.

गुऱ्हाळापाशी ती उतरली ती सरळ दारावर गेली. गुंडा आडवा आला. “ओ म्हातारे, रांग हाय!” कमरबीनं त्याच्या बगलेखालून हात घालून घोंगडी धरली आणि अंगातलं सगळं वजन टाकून खाली लोंबकळली. खिळ्यांसकट घोंगडी कोसळली. मग दुसरी. उजेड आत घुसला. विजयमाला पाण्यात बसली होती, डोळे उघडे पण कुठंच न लागलेले. खांद्यावर धोंडीराम. त्याची मान एका बाजूला पडली होती.

कमरबीनं लेकरू उचललं आणि उघड्यावर पळाली. कुंचडं फाडून काढलं. तळपाय चोळले, पाठ चोळली, वाऱ्याकडं तोंड करून धरलं. “ए धोंड्या! ए दगडा! रड की रे मुडद्या, रड!” लोकांनी बाकीच्या बायांना आणि विजयमालाला ओढून बाहेर आणलं. ती गुडघ्यांवर पडली आणि लेकराकडं सरपटत आली.

धोंडीरामनं एक आचका दिला. मग दुसरा. मग असा टाहो फोडला, की बैल बुजले.

“कोण ही पापिणी?” बाबा झरोक्यामागून धावत आले. “भेटीच्या क्षणी विघ्न केलेस! भूमाता कोपेल!”

“कोपू दे. कुटं हाय ती, दाखवतेच.” लेकरू आईच्या कुशीत देऊन कमरबी भिंतीमागं गेली. तिथं पाचटाचे भारे रचलेले होते. तिनं एक ओढला, दोन ओढले. मागून चुलवाणाचं तोंड उघडं पडलं. आत लालबुंद निखाऱ्यांचा ढीग. जाळ नाही, धूर नाही, नुसती धग.

“ही तुमची भूमाता. सहा पोती आठवड्याला, महादेवप्पाच्या वखारीतली.”

गर्दीतून आप्पा नावाचा एक म्हातारा पुढं आला. गुऱ्हाळ चालू होतं तेव्हा याच चुलवाणात जाळ घालायला तो बसायचा. त्यानं वाकून आत बघितलं, मग धुराड्याच्या बुडाशी हात घातला. “अरं, ह्ये तर विटा लावून बुजवलंय! मग हवा जानार कुटं?” तो आत जाऊन काहिलीच्या कडेनं बोट फिरवत आला. “ह्या फटीतनं. सगळी ह्या खोलीत.”

“अज्ञानी लोकहो, हा अग्नी सात्त्विक…” बाबांनी सुरू केलं.

“सात्त्विक हाय ना? मग बसा.” कमरबीनं घोंगडी उचलून त्यांच्यापुढं धरली. “आमी सगळ्या घोंगड्या पुन्ना लावतो, दार वढून घेतो. तुमी आत बसा घटकाभर. कान वाजले तर चौघडे. डोकं धरलं तर कर्म. आन् मान टाकली, तर मी हायेच चोळायला.”

बाबांनी काहिलीकडं बघितलं. मग गर्दीकडं. “आमचा देह… आम्ही जलस्पर्श वर्ज्य केला आहे.”

“आरं, मग ह्यो आंगूळ बी करत न्हाय?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदा हसू फुटलं. गुंडाला शोधायला लोक वळले, तर तो नारळाचं पोतं खांद्यावर घेऊन वाटेला लागला होता. बाबा त्याच्या मागोमाग गेले. चालत निघाले, वळणावर पळायला लागले. मारायला धावलेल्या पोरांना कमरबीनंच अडवलं. “सोडा रे. पोलिसात नाव लिवा, हात नका घाण करू.”

विजयमाला खुंटाशी बसली होती. लेकरू छातीशी इतकं घट्ट, की ते चुळबूळ करत होतं.

“मावशी, मग ती माझी शेवी?”

“नव्हती गं.”

“हसत होती…”

“तुला जशी हवी हुती तशी दिसली. मला नको हुती तशी दिसली.” कमरबी खाली, मातीत बसली. “मला ती पानी मागत हुती, पोरी. कारन पानी देऊ नगं म्हनून मीच सांगितलं हुतं. ते चुकीचं हुतं. पानी द्यायला पायजे हुतं. मला मागनं कळलं, आन् मी तुला सांगितलं न्हाय.”

विजयमाला लेकराचं ओलं डोकं पुसत राहिली. मग म्हणाली, “तोंड मीच फिरवलं होतं. मला वाटायचं, म्हणून ती येती.”

“येत न्हाय कुनी. चूक झाली तर चूक म्हनावं, आन् चारचौघांत सांगावं, म्हंजे दुसरीचं लेकरू वाचतं. चुकीला भूत म्हटलं की ते पोसावं लागतं. आन् पोसायचे पैसे घ्यायला कुनीतरी टपलेलंच असतं.”

विजयमाला रडायला लागली. वाफेतली शेवी तिनं आज दुसऱ्यांदा गमावली होती. कमरबीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिनं तो झटकला नाही. एवढंच.

काहील मात्र लोकांनी सोडली नाही. आठ-आठ तास मागावर उभं राहून सुजलेल्या पायांना ऊन पाणी लागतंच. डॉक्टरही म्हणाले, शेका खुशाल. मालकाला पत्र टाकून परवानगी आणली. आप्पानं भिंती पाडल्या, विटा काढल्या, फटी मातीनं लिंपल्या. जाळायचं काय, यावर दोन दिवस भांडण झालं. आप्पा म्हणे, बाभळीसारखा जाळ नाही. कमरबी म्हणाली, “पंधरा वर्षं वाढलेलं झाड घटकाभराच्या आंघुळीला जाळतोस, आन् पुन्ना पाऊस का न्हाय म्हनून इचारतोस? दरसाल उगवतं ते जाळ.” तेव्हापासून शेतकऱ्यांकडच्या तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तेलघाण्यामागं पडून राहणारी शेंगांची टरफलं येऊ लागली. छपराखाली खडखडीत वाळवून मगच चुलवाणात घालायची, हा आप्पाचा नियम. ओलं सरपण घेऊन येणाऱ्याला तो परत पाठवायचा.

आत उतरणाऱ्या बायांना हात द्यायला शुक्रवारी विजयमाला थांबायची. आलेल्या प्रत्येकीला ती दोन गोष्टी सांगायची: कोंडलेल्या खोलीत कोळसा नको, आणि हगवण लागलेल्या लेकराला पाणी तोडू नका. कुणी म्हणे, आमच्या सासूबाई तसं सांगत नाहीत. ती म्हणे, “मग सासूबाईंना विचारा, का ते. कारण सांगता आलं तर ऐका.”

एकदा मंगळवेढ्याकडची एक म्हातारी आली. दोन एसट्या बदलून, पुढं पायी, एकटी. पदराच्या गाठीत तरुण लेकाचा फोटो बांधून.

“बाई, हितं गेलेली मानसं दिसत्यात म्हनं?”

खोटं बोलणं किती सोपं होतं, ते विजयमालाइतकं कुणाला ठाऊक?

“न्हाय हो आजी. कुणीच दिसत न्हाय. ज्यांना दिसली त्यांना विषानं दिसली.”

म्हातारीनं पदराची गाठ सोडली. फोटोवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिनं काहिलीकडं मान वळवली.

“पानी तरी ऊन हाय का?”

“हाय की.”

“मग धर बाई हात. लई चालून आल्ये.”