भूर्जाच्या लाकडावर चाललेला ट्रॅक्टर

मित्रांनो, मी दूर उत्तरेच्या थंड मुलखातल्या, सावो प्रांतातल्या एका तळ्याकाठचा जुना ट्रॅक्टर आहे. माझ्या डाव्या कुशीला चार भोके आहेत. पाहायला येणारी माणसे त्यांत बोट घालतात आणि म्हणतात, "गंजलाय बिचारा." ती भोके गंजाची नव्हेत. तिथे सात वर्षे माझे दुसरे पोट बसवलेले होते, आणि त्या सात वर्षांत मी लाकूड खाल्ले.

जन्माने मी रॉकेलवरचा. समुद्रापलीकडच्या कारखान्यातून पेटीत बसून आलो. नेस्तोरी नावाच्या शेतकऱ्याने दोन घोडे विकून मला घरी आणले. पहिल्या दिवशी माझ्याभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "घोडा निदान शेण तरी देतो." एवढेच बोलून तो जेवायला गेला. तरी नांगरणीला मी चांगला निघालो. शेजारची माणसे कुंपणाशी उभी राहून पाहायची. तेव्हा मला थोडा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

मग युद्ध आले आणि रॉकेल दिसेनासे झाले. नेस्तोरीचा मुलगा तौनो आघाडीवर गेला. एक अख्खा हिवाळा मी देवदाराच्या फांद्यांखाली झाकलेला पडून होतो. वसंतात गावचा लोहार आला आणि त्याने माझ्या कुशीला माणसाएवढे उंच लोखंडी पिंप जोडले. त्यात काडेपेटीएवढे लाकडाचे तुकडे भरायचे, खालून पेटवायचे, आणि आत कोंडलेल्या आगीतून जो वायू निघेल त्यावर मी चालायचे. भूर्जाचे लाकूड उत्तम. मात्र ते खडखडीत वाळलेले हवे. ओले असले की माझ्या नळ्यांत डांबर साचे आणि मी खोकत खोकत बंद पडे.

ताकद माझी निम्म्यावर आली. सकाळी पेटायला पाव तास लागे. तोवर तौनोची बायको सायमी पिंपातली आग फुलवणारा पंखा हाताने फिरवत उभी असायची. ती रोज सकाळी एक स्तोत्र म्हणे. आधी ते घरात म्हणत असे, आता पंखा फिरवता फिरवता म्हणू लागली. चार कडवी संपेपर्यंत मी बहुधा पेटत असे. न पेटलो तर ती पाचवे म्हणे. चिडत नसे.

नेस्तोरी तिचा सासरा. त्या भागात कमी बोलणे हा काही दोष समजत नाहीत, पण त्यांच्यातही तो गप्प गणला जाई. सुनेला तो नावाने हाक मारत नसे. "अगं" म्हणे, आणि तेही कामापुरते.

आता एकोणीसशे त्रेचाळीस सालच्या शरदातली गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच हे सारे सांगायला बसलो आहे.

त्यांच्याकडे मळणी इर्जिकीने होते. मळणीयंत्र साऱ्या वाडीत एकच. ओस्करी नावाचा माणूस ते घरोघर नेई, प्रत्येक घराला एक दिवस. शेजारी जमत, मजुरी कुणी घेत नसे, फक्त जेवण आणि कॉफी. यंत्र फिरवायला मी. आमच्या घरची पाळी आली त्या दिवशी बर्फ मिसळलेला पाऊस तिरका मारत होता. मला खळ्याच्या पडवीत उभे केले आणि माझ्यापासून आतल्या यंत्रापर्यंत लांब पट्टा लावला. पिंपात लाकूड घालायचे काम नेस्तोरीकडे होते, कारण त्याचे गुडघे पेंढ्या उचलायच्या कामाचे राहिले नव्हते. त्याला खोकला होता. म्हणून सायमीने घोड्यांची घोंगडी आणली आणि पडवीच्या तिन्ही उघड्या बाजूंना घट्ट बांधली. वारा थांबला. छान ऊब झाली.

दुपारी पट्टा तुटला. ओस्करी म्हणाला, "शिवायला तास जाईल. तोवर कॉफी घ्या." मला बंद केले आणि सगळे घरात गेले.

"मामंजी, तुम्हीही चला," सायमी म्हणाली.

"इथं ऊब आहे," नेस्तोरी म्हणाला आणि पिंपाला पाठ टेकून बसला.

लोहाराने बजावले होते की वायू विषारी आहे, झाकण उघडताना तोंड बाजूला करा. ते सगळ्यांच्या लक्षात होते. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मी चालू असतो तेव्हा तो वायू ओढून घेतो. मी थांबलो की ओढणारे कुणी उरत नाही, आणि आत आग मात्र चालूच असते. मग वायू झाकणाच्या फटीतून हळूहळू बाहेर येतो. त्याला रंग नाही, आणि धुराचा वास त्या पडवीत सकाळपासून होताच. माझा आवाज थांबला म्हणजे मी निजलो, असे ती माणसे समजली. मला ओरडता आले नाही.

अर्ध्या तासाने सायमी कॉफीची किटली घेऊन आली. मागे शेजारची एडलाकाकू होती आणि दाभण हातात धरलेला ओस्करी. घोंगडीची एक कड उचलून तिघे आत आली. नेस्तोरीचे गाल पोरासारखे लाल झाले होते. त्याने कप घेतला, एक घोट घेतला.

"कॉफी झकास झालीय, सायमी," तो म्हणाला.

ती कॉफी राय नावाच्या तिथल्या धान्याच्या भाजलेल्या दाण्यांची आणि रानमुळांची होती. युद्ध लागल्यापासून तिला कुणी चांगले म्हटले नव्हते.

"ऐकलंस का गं?" एडलाकाकू म्हणाली. "म्हातारा पाघळला. येत्या उन्हाळ्यात नाचायला उभा राहील."

"तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तौनोला म्हटलं होतं," नेस्तोरी बोलतच राहिला, "पोरगी काडीसारखी आहे, गवताचा भारा उचलायची नाही. चुकलो मी. तू नसतीस तर हे शेत राहिलं नसतं. मी रोज बघतो ना, तू पहाटे त्या पंख्यापाशी उभी असतेस ते."

"लिहून घे, सायमी. उद्या नाकबूल करेल," एडलाकाकू म्हणाली.

"आमच्या पट्ट्याबद्दलही दोन गोड शब्द येऊ द्या, नेस्तोरीबाबा," ओस्करी म्हणाला.

"डोकं तेवढं जड आहे," नेस्तोरी म्हणाला. "सॉनाचं डोकं. उतरेल."

एडलाकाकूने आणि ओस्करीने माना डोलावल्या. सॉना म्हणजे घाम काढायची, चुलीने तापवलेली न्हाणीघराची खोली; तिची चूल नीट विझायच्या आत धुराडे बंद केले की असे डोके धरते. तिथल्या प्रत्येकाने लहानपणापासून ते सोसलेले असते, आणि त्यावर त्यांचा उपाय ठरलेला: गप्प बसून राहायचे. ओस्करीने त्याच्या पाठीमागे पेंढ्याची एक पेंढीसुद्धा सारली.

सायमी मात्र हसली नव्हती. ती किटली हातात धरून तशीच उभी होती.

"मामंजी असं बोलत नाहीत," ती म्हणाली.

"अगं, म्हातारपणी माणूस मऊ होतो. मिळतंय ते घे पदरात."

"नाही काकू. सात वर्षांत एकदा नाही बोलले." तिने किटली खाली ठेवली. "हा पिंपातला वायू आहे. पाय धरा त्यांचे. ओस्करीदादा, घोंगडी तोडा."

ओस्करीने दाभण टाकले आणि सुरी काढली. घोंगडी खाली आली, थंडगार वारा आत घुसला. सायमी आणि एडलाकाकू उठवायला गेल्या तेव्हा नेस्तोरीचे गुडघे मुळीच धरेनात. तो अजून हसतच होता, पण डोळे कुणाकडे नव्हते. दोघींनी त्याला ओढत बाहेर नेले आणि पावसातच पेंढ्यावर निजवले. मग ते हसूही गेले.

"मामंजी, श्वास घ्या," सायमी म्हणत होती. "मोठा घ्या. अजून एक." तिने त्याच्या गळ्याची बटणे तोडली, गालांवर चापट्या मारल्या. एडलाकाकू त्याचे हात चोळत होती.

"घोंगडी मीच बांधली," सायमी एकदाच म्हणाली.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. शेवटी म्हाताऱ्याने कुशीवर वळून ओकारी काढली आणि डोळे उघडले.

"पाऊस पडतोय," तो म्हणाला.

"पडू दे," सायमी म्हणाली आणि तिथेच चिखलात बसली.

निम्मी राय मळायची राहिली. ओस्करीला उद्या दुसऱ्या घरी जायचे होते. तो टोपी फिरवत उभा राहिला, तेव्हा सायमी म्हणाली, "तुम्ही जा, दादा. आज एवढंच पुरे." पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांनी उरलेली राय हातांनी झोडपली.

चौथ्या दिवशी नेस्तोरी काठी टेकत माझ्यापाशी आला. सायमी माझ्या झाकणाची फट बुजवायला कडेने नवी दोरी ठोकून बसवत होती. तो ते काम पाहत तिच्याशेजारी उभा राहिला.

"त्या दिवशी काही बडबडलो का मी?"

सायमीने हातोडी थांबवली. ती सांगू शकली असती.

"कॉफी कडू आहे म्हणालात."

"हं," नेस्तोरी म्हणाला. "कडूच असते ती." आणि काठी टेकत परत गेला.

युद्ध संपले, तौनो धडपणे घरी आला. अठ्ठेचाळीस साली रॉकेल पुन्हा मिळू लागले, माझे पिंप काढून भंगारात दिले, आणि थोड्याच वर्षांत मलाही गोठ्यामागे नेऊन ठेवले. तिथे रानझाडे माझ्या बैठकीतून उगवून वर गेली. आता घरच्या नव्या पिढीने मला घासूनपुसून रंग दिला आहे आणि उन्हाळ्याच्या जत्रेत मांडतात. नेस्तोरी त्या शरदानंतर आठ वर्षे जगला. तो पुन्हा कधी तसे बोलला नाही. सायमीनेही त्याला कधी आठवण करून दिली नाही. ते बोलणे वायूचेच होते, असे तिने मनाशी धरले असावे.

मित्रांनो, मला तेवढे एक सांगायचे आहे. खोलीत शेगडी असेल तर खिडकी उघडी ठेवा, आणि यंत्राचा आवाज थांबला म्हणजे आग विझली असे समजू नका. मी त्या म्हाताऱ्याला विष दिले, ते माझ्याच पोटातले होते. पण माझ्या पोटात भूर्जाचे लाकूड होते, दुसरे काही नव्हते. ते शब्द मी दिलेले नाहीत. ते सात वर्षे त्याच्याजवळच होते. तुमच्याजवळ कुणासाठी असे काही असेल, तर शुद्धीत असताना, मोकळ्या हवेत, त्या माणसाला सांगून टाका.