सरबताच्या बाटलीतलं विष

मंडळी, काटकसर चांगलीच. पण तिच्या नादात घरादाराचा जीव टांगणीला लावायचा? आमच्या गल्लीतला खटपट्या तसलाच. हॉटेलातलं तळून उरलेलं तेल गोळा करायचं आणि आपल्या गॅरेजात त्याचं गाडीसाठी डिझेल बनवायचं, हे त्याचं नवं वेड. त्यासाठी लागतं मिथेनॉल. नावाला अल्कोहोल, पण पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो.

चार दुकानं पालथी घातल्यावर एका रंगवाल्याकडे ते स्वस्तात, सुटं मिळालं. "भांडं तुमचं आणा," रंगवाला म्हणाला. यानं काय न्यावं? संत्र्याच्या सरबताची रिकामी बाटली! आणि भरून आणून ठेवली कुठे, तर स्वयंपाकघराच्या फळीवर!

रविवारी सकाळी बाटली उचलली आणि गडी ओरडलाच. चार बोटं कमी!

"कोण प्यायलं हे? अरे, विष आहे विष!"

त्याच्या वडिलांच्या, अण्णांच्या, हातातला पेपर गळून पडला. अण्णांनी तीन वर्षांपूर्वी दारू सोडली होती आणि तेव्हापासून भेटेल त्याला त्यावर भाषण देत होते.

"मी प्यायलो रे," अण्णा पुटपुटले. "तू फोनवर अल्कोहोल म्हणालास ना? म्हटलं, पोरगा चोरून आणतो, तर बापानं चोरून घेतली म्हणून काय बिघडलं? आणि चढली पण! काल गाणंसुद्धा म्हटलं मी!"

"अण्णा, काय केलंत हे!"

"अंधुक दिसतंय रे मला! संपलो मी!"

"चष्मा कपाळावर आहे तुमचा," सूनबाई म्हणाली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती.

"चष्म्याचं काय घेऊन बसलीस? दवाखान्यात न्यायला हवं!" खटपट्या गाडीची किल्ली शोधत सैरावैरा धावला. किल्ली त्याच्या हातातच होती. मग त्याला रडूच फुटलं. "स्वस्तातल्या डिझेलपायी बाप घालवला मी!"

"बसा दोघंही!" सूनबाई म्हणाली. "पाणी आहे त्यात.

तुम्ही आणलंत त्याच दिवशी मी ते पत्र्याच्या डब्यात ओतलं, वर लाल अक्षरांत 'विष' लिहिलं आणि गॅरेजच्या कपाटात कुलपात ठेवलं. ही बाटली वेगळी, तशीच दिसणारी. विष पिण्याच्या बाटलीत नको, असं तीनदा सांगून ऐकलं नाहीत, म्हणून पाणी भरून इथे ठेवली. म्हटलं, कधी लक्षात येतंय बघू. दुकानात रोज ऐकते मी. कुणी पाण्याच्या बाटलीत फिनेल भरतं, कुणी सरबताच्या बाटलीत अ‍ॅसिड. पिणाऱ्याला कसं कळणार हो? बाटलीवर तर संत्रं काढलेलं असतं! पाणी कमी झालेलं दिसलं तेव्हा मीही घाबरले. पाणी नसतं तर?"

खटपट्यानं कान पकडले. "चुकलो गं. पुन्हा असं करणार नाही."

"म्हणजे," अण्णांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, "मी पाण्यावर गाणं म्हटलं?"

"तेही बेसूर," सूनबाई म्हणाली.

त्या दिवसापासून अण्णांचं भाषण बंद आहे, आणि चोरून पिणंही. खटपट्या मात्र घरोघरी जाऊन फळ्या तपासतो. तुमच्याकडे यायच्या आत तुम्हीच तपासा. जे प्यायचं नाही ते पिण्याच्या बाटलीत भरू नका, मंडळी! आधीच पाणी भरून ठेवणारी सून प्रत्येक घरात नसते!