रोज आठ जोड्या

मित्रांनो, मी एक जुनी आरी आहे. लाकूड कापणारी नव्हे बरं का! बोटभर टोकदार पोलाद आणि लिंबाएवढी लाकडी मूठ, एवढाच माझा पसारा. पुस्तक शिवण्याआधी पानांच्या घडीवर भोकं पाडायची, हे माझं काम. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मला नावं ठेवायला नकोत. मी फार हेवेखोर आहे. कुणाचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. मला पोट नाही, तरी दुखतं.

एका लोहाराने मोडक्या कानशीच्या तुकड्यातून मला घडवलं. बाइंडरकाकांनी माझं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं आणि म्हणाले, "ही चालेल." त्या दोन शब्दांवर मी तीस वर्षं काढली.

काकांची बांधणीची खोली लहान होती. एका भिंतीला पुठ्ठे उभे लावलेले, कोपऱ्यात खळीचं पातेलं, मधे जाड लाकडाचं टेबल. घडी घातलेल्या पानांचा एक गठ्ठा म्हणजे एक फर्मा. काका फर्मा मधोमध उघडायचे, मला बरोबर घडीच्या रेघेवर टेकवायचे आणि दाबायचे. पाच भोकं. मग पुढचा फर्मा. भोक घडीवरून केसभर जरी सरकलं, तरी पान पुढे तिथूनच फाटतं. माझं एकही भोक कधी सरकलं नाही. पण पुस्तक तयार झालं की लोक काय म्हणायचे? "वा, शिवण किती सुरेख!" म्हणजे कौतुक सुईचं! भोकं पाडायची मी आणि मिरवायचं त्या सडपातळ बयेनं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पण खरी आग लागली ती पुढे, गरम गोंदाचं मशीन आलं तेव्हा.

ते मशीन काकांच्या मुलाने आणलं. त्याला सगळे तुफान म्हणत. बोलायला तुफान, चालायला तुफान. गिऱ्हाईक दारात दिसलं की हा टेबलावरून उडी मारून काउंटरवर हजर. मशीनचं काम त्याच्यासारखंच होतं. पानांची पाठ, म्हणजे घड्यांची बाजू, कापायची, कापलेल्या कडेला गरम गोंद लावायचा, वर कव्हर चिकटवायचं. एका मिनिटात पुस्तक तयार! ना भोक, ना दोरा. लोक थांबून बघत, "अरे वा!" करत. मशीनला वेगळं टेबल मिळालं, रोज पुसायला मऊ फडकं मिळालं, झाकायला निळा कपडा मिळाला. मला काय मिळालं? माझ्या टोकाने रंगाचे डबे उघडायला लागले. एकदा तर मोरीची जाळी साफ केली माझ्याकडून! टोक बोथट झालं, मूठ सैल झाली. मी खणात पडल्या पडल्या त्या निळ्या कपड्याकडे फटीतून बघायची आणि जळायची.

त्या घरात जळणारी मी एकटीच नव्हते. काकांची एक पुतणी होती, तुफानहून तीन वर्षांनी मोठी. तिचं नाव पडलं होतं गोगलगाय. तिला काउंटरवर बसवलं, तर गिऱ्हाइकाने प्रश्न विचारल्यावर ती इतका वेळ विचार करायची की गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागायचं. मशीनवर बसवलं, तर प्रत्येक गठ्ठा तीनदा मोजायची आणि मागे ढीग साचायचा. "ताई, सरक, मी करतो," असं म्हणून तुफान तिला उठवायचा. ती उठायची. त्याचे हात भराभर चालताना ती बघत राहायची. ती नजर मी बरोबर ओळखायची. माझ्याच जातीची होती ती.

"तुझ्यासारखं मला का जमत नाही रे?" तिने एकदा त्याला विचारलंच.

"अगं, तू विचार फार करतेस. डोळे मिटून करायचं," तुफान हसून म्हणाला. मनाने वाईट नव्हता तो. पण मला त्याचा रागच यायचा, कारण मशीन त्याचं होतं.

मग एक दिवस ग्रंथपालबाई आल्या. काकांकडे त्या वर्षानुवर्षं येत होत्या. त्यांच्या ग्रंथालयात झाडांच्या चित्रांचा मोठा ग्रंथ होता, त्याचे बावीस खंड. दुसरी प्रत कुठेच नव्हती. पहिल्या खंडाची शिवण सुटली होती. काका त्या आठवड्यात तापाने आजारी होते. काउंटरवर होता तुफान. "उद्या या, बाई, तयार ठेवतो," तो म्हणाला.

मित्रांनो, पुढचं सांगताना आजही माझं टोक थरथरतं. त्याने त्या खंडाची पाठ मशीनखाली धरली आणि कापून टाकली! पुस्तक बांधणाऱ्याला याहून मोठी चूक करता येत नाही. पाठ कापली की घड्या गेल्या. घड्या गेल्या की एकेक पान सुटं झालं. सुट्या पानांना भोकं कुठे पाडणार आणि दोरा कुठून घालणार? चांगल्या शिवणीच्या पुस्तकाला त्याने गोंदाचं गुलाम केलं. बाई खूश होऊन घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी तोच खंड पिशवीत घालून परत आल्या. टेबलावर पिशवी रिकामी केली, तर झाडंच झाडं, सगळी सुटी.

खोटं कशाला बोलू? मला उकळ्या फुटल्या. बरी खोड मोडली मशीनची!

"कागदच खराब होता, बाई," तुफान घाईने म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. आतल्या खोलीच्या दारात काका शाल घेऊन उभे होते, त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्यावर विश्वास होता," त्या म्हणाल्या. "महिनाभर थांबते. हा खंड नीट झाला नाही, तर बाकीचे एकवीस दुसरीकडे जातील."

त्या गेल्यावर काकांनी एक सुटं पान हातात घेतलं. "आता माझे हात थरथरतात," ते म्हणाले. "हे जमलं नाही तर हे टेबल काढून टाकू. शिवणीचं काम बंद करू." हे ऐकलं आणि माझ्या उकळ्या जागच्या जागी विरल्या. शिवण बंद, म्हणजे मी कायमची भंगारात.

तेव्हा गोगलगाय म्हणाली, "काका, मी करू?"

तुफानने डोळे विस्फारले. काकांनी तिला काम समजावलं. प्रत्येक पानाच्या कडेचा वाळलेला गोंद खरवडायचा. दोन सुटी पानं शेजारी ठेवून मधे पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवायची, म्हणजे त्यांची जोडी होईल आणि पट्टीवर नवी घडी पडेल. अशा चार जोड्यांचा एक फर्मा. पानं होती तीनशे वीस. म्हणजे एकशे साठ जोड्या. सगळे फर्मे तयार झाले की मगच माझी पाळी.

पहिले तीन दिवस पार वाया गेले. खळ पातळ झाली, पट्ट्या भिजल्या, कागदाला सुरकुत्या पडल्या. तिसऱ्या दिवशी तिने ब्रश फेकला आणि रडली. "मला काहीच येत नाही. तुफानने केलं असतं तर एव्हाना झालंही असतं."

"त्यानेच तर हे करून ठेवलंय," काका म्हणाले. "अगं, तू प्रत्येक गोष्ट तीनदा बघतेस, म्हणून मी तुला इतकी वर्षं ओरडलो. या कामाला तीनदाच बघावं लागतं. चौथ्यांदा बघितलंस तरी कुणी ओरडणार नाही."

तिने नाक पुसलं. मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलने लिहिलं, रोज आठ जोड्या. तो तुकडा समोर भिंतीला लावला आणि सकाळी दुकान उघडायच्या आत कामाला बसली. कुणी प्रश्न विचारणार नाही, कुणी सरक म्हणणार नाही. पहिल्या दिवशी आठ जोड्या कशाबशा झाल्या. दुसऱ्या दिवशीही आठच. तिसऱ्या दिवशी तिला सर्दी झाली होती, तरी आठ झाल्या.

आणि मी? मी खणात जळत होते! या साऱ्या दिवसांत तिच्या हातात कोण होता? ब्रश! तो केसाळ, ओशट, खळीत लोळणारा ब्रश! रोज सकाळी ती त्याला कोमट पाण्यात धुवायची, बोटांनी केस सरळ करायची. मला वाटलं होतं, शिवणीचं काम परत आलं म्हणजे माझे दिवस आले. कसलं काय! मशीनचा हेवा एक वेळ परवडला, ते परकं होतं. ब्रश तर आमच्याच टेबलावरचा. घरच्या माणसाचा हेवा जास्त बोचतो, हे तुम्हा भावंडांना मी वेगळं सांगायला नको.

दहाव्या दिवशी तुफान डोकावला. "ताई, हात बसलाय आता तुझा. आठ काय करतेस? जोर लाव, वीस कर!" त्याचं ऐकून तिलाही हुरूप आला. त्या दिवशी तिने चौदा केल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर सहा जोड्या उलट्या जुळलेल्या, झाडाचं मूळ वर आणि शेंडा खाली. त्या सोडवण्यात अख्खा दिवस गेला. त्यानंतर तुफानने पुन्हा जोर लाव म्हटल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुझी गती तुला शोभते. मला आठच शोभतात. जा, गिऱ्हाईक आलंय." मी तिला असं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शेजारी मशीन धडधडत होतं, लोक वा वा करत होते, पण तिची मान वर झाली नाही. तिचं जळणं बंद झालं होतं. मला त्याचाही हेवा वाटला.

चाळीस फर्मे तयार झाले त्या दिवशी तिने खण उघडला. माझं बोथट टोक बघून तिचा चेहरा पडला. "काय हाल केलेत हिचे!" ती म्हणाली. पाणी घालून तिने मला दगडावर घासलं. घाई नाही, गडबड नाही. घासायची, अंगठ्यावर टेकवायची, पुन्हा घासायची. मुठीत लाकडाची पाचर मारून ती घट्ट केली. मग पहिला फर्मा उघडला, मला नव्या घडीवर टेकवलं आणि दाबलं. किती दिवसांनी! चाळीस फर्मे, पाच-पाच भोकं, दोनशे वेळा माझी मूठ तिच्या तळव्यात रुतली. तिने प्रत्येक वेळी तीनदा बघितलं. एकही भोक सरकलं नाही. मग सुई-दोरा घेऊन तिने सगळे फर्मे शिवले आणि वर पुठ्ठा चढवला.

महिना संपला त्या सकाळी ग्रंथपालबाई आल्या. त्यांनी खंड काउंटरवर ठेवून मधोमध उघडला. तो तसाच उघडा राहिला, सपाट. एक पान त्यांनी चिमटीत धरून हळूच ओढलं. पान हललं नाही. बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. "कुणी केलं हे?"

काउंटरवर होता तुफान. आता हा स्वतःचं नाव सांगणार, असं वाटून माझा संताप संताप झाला. त्याने दोनदा घसा खाकरला. "ताईने केलं, बाई," तो म्हणाला. "आणि कागद खराब नव्हता. पाठ मी कापली होती. मी खोटं बोललो."

बाई काउंटर ओलांडून आत आल्या आणि पिशवीतून आणलेला दुसरा खंड त्यांनी थेट तिच्या हातात दिला. "किती दिवस लागतील?"

ती नेहमीसारखीच विचारात पडली. या वेळी बाईंनी घड्याळ पाहिलं नाही. "फर्मे मोजून सांगते," ती म्हणाली आणि लगेच मोजायलाही बसली. काका दारात उभे होते. त्यांनी शालीने डोळे टिपले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता मी सुधारले. छे! मशीनकडे बघून माझं पोट अजून दुखतं, सुई अजून डोळ्यांत खुपते. स्वभाव आहे, जात नाही. पण तुम्हाला एक कळकळीचं सांगणं आहे. आपला हात कशात रमतो ते शोधा, आणि सापडल्यावर रोज थोडं थोडं करत राहा, आपल्याला झेपेल तेवढं, पण रोज. हातातल्या हत्यारालाही जपा, त्याला नको त्या कामाला जुंपू नका. आणि शेजारच्याचं बघून जळायचंच असेल, तर खुशाल जळा, मीही जळते. पण आपल्या वाट्याची भोकं पाडून झाल्यावर.