मिठाच्या बरणीतली सीडीआय

मी एक जुनी सीडीआय आहे. नाव इंग्रजी असलं तरी घाबरू नका, मित्रांनो. काडेपेटीहून थोडी मोठी, काळी, बंद डबी आणि तिला पितळेच्या पाच पिना, एवढाच माझा पसारा. मोटरसायकलच्या सीटखाली बसून, इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची ते ठरवायचं, हे माझं काम. कारखान्यात आम्ही हजारो बहिणी एकत्र होतो, पण सीटखाली जागा एकीलाच असते. तेव्हापासून मी एकटीच.

१९९२ साली प्रविणने आमची गाडी घेतली. त्याचं गाव पेणजवळ, धरमतरच्या खाडीकाठी. नोकरी रोह्याच्या एका कंपनीत, तीही हंगामी. चार वर्षं मी त्याला रोज नेलं आणि आणलं, एकदाही ठिणगी चुकवली नाही. दसऱ्याला हार पडायचा तो हँडलवर. मला कोण विचारतो! बिनबोभाट काम करणाऱ्याची आठवण कुणाला होत नाही, हे मी तेव्हाच शिकले.

प्रविणची अडचण खाडीची होती. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेल्या खारबांधाला पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी धडका देतं. मग पहाटे ओहोटी लागली की घरटी एका माणसाने बांधावर चिखल घालायला जायचं, हा गावाचा नेम. प्रविणच्या घरी तो आणि त्याची आई धोंडुबाई, दोघंच. चिखल घालून तो निघायचा आणि कंपनीत उशिरा पोचायचा. त्याच्या नावावर उशिराचे दोन शेरे पडले. तिसरा पडला तर कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव जाणार होतं.

कंपनीतला सुजय म्हणाला, "रेसिंगवाली सीडीआय टाक. वाटंवरच्या खांब गावापरत कुनाच्या हाताला लागनार नायस!"

पेणचा मेकॅनिक रघू मात्र मान हलवत राहिला. "ती ठिणगी घाईत टाकते. गाडी पळंल, पन इंजिन तापंल. आनी ही जुनी कशी चारी बाजूंनी बंद हाय, तशी ती नाय. खाडीची हवा तिला सोसायची नाय. त्यापरीस जरा लवकर निघ ना."

"मंग बांध कोन घालंल?" प्रविण म्हणाला.

आठवडाभर तो रोज संध्याकाळी सीट उचलून माझ्यासमोर बसायचा. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याकडे इतका वेळ बघत होता, आणि तेही मला काढू की नको हे ठरवायला. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्याने मला काढलं.

धोंडुबाईने मला ओट्यावरून उचललं, पदराने पुसलं. "चार वर्सं राबली हो बिचारी. हिला फेकायची नाय." तिचा जन्म मिठागरात गेलेला. सुकी मासळी, कैऱ्या, जे टिकवायचं ते मिठात, एवढं तिला ठाऊक. "मिठातला जिन्नस नासत नाय," म्हणत तिने मला खड्या मिठाच्या बरणीत ठेवलं आणि वर फडकं बांधलं.

त्या अंधारातून मला नव्या डबीवर पळणाऱ्या गाडीचा चढा आवाज ऐकू यायचा. प्रविण वेळेवर पोचत होता. पावसाळा लागला, मीठ ओलावलं, माझ्या पिना हिरव्या पडू लागल्या. मी कुणाला हाक मारणार?

भादव्याच्या उधाणाला प्रविण बांधावरून आला. गाडीला किक मारतोय, मारतोय, पण ठिणगीच नाही. नवी डबी खाडीच्या हवेने निकामी झाली होती. "आये, जुनी डबी कुठं हाय?"

धोंडुबाई बरणी घेऊन धावली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बघ, कशी जपलीय!"

प्रविणने मीठ झटकलं आणि पिना धरल्या. त्यातल्या तीन त्याच्या बोटांतच गळून पडल्या.

धोंडुबाईला ते दिसलं नाही, ती अजून कौतुकाने हसत होती. मग त्याने मला सीटखाली ठेवल्यासारखं केलं, हळूच खिशात घातलं आणि म्हणाला, "बसली गो आये. उतारावर ढकलून चालू करतो." धोंडुबाई दारात उभी होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तो गाडी ढकलत गेला, आणि तिथून पुढे एका ट्रकने रोह्याला. तिसरा शेरा पडला. प्रविण आजही हंगामीच आहे.

मित्रांनो, मी धोंडुबाईवर रागावलेले नाही. इतक्या मायेने मला दुसऱ्या कुणीच हातात घेतलं नव्हतं. पण माझी एक विनंती ऐका. एखादी वस्तू किंवा एखादं माणूस जपायचं असेल, तर त्याला काय सोसत नाही ते आधी जाणून घ्या. नाहीतर ते तुमच्याच हातात, न बोलता, गळून जातं. धोंडुबाई अजून शेजारणींना सांगते, "माझ्या मिठानं टिकली म्हून त्या दिशी पोराची गाडी चालू झाली." आणि प्रविण शेजारी बसून "व्हय" म्हणतो.