टिपूस न काढणारी पोर

"हा वण बघा," असं म्हणत काचवाल्याने आपल्या नऊ वर्षांच्या लेकीचा तळहात गिऱ्हाइकापुढे धरला. "पाच वर्षांची होती. काचेचा तुकडा आरपार. टाके घालताना कंपाउंडरचे हात थरथरत होते, पण हिने डोळ्यातून टिपूस काढला नाही!"

गिऱ्हाईक आलं होतं न्हाणीघराच्या आरशाचं माप द्यायला. त्याने "वा वा" केलं आणि पोरीच्या डोक्यावर टपली मारली. पोर खुलली. सगळी गल्ली तिला 'पैलवान' म्हणायची.

काचवाला पुन्हा कामाला लागला. टेबलावर जाड कांबळं, त्यावर काचेचा तक्ता, तक्त्यावर लाकडी पट्टी. हिऱ्याच्या कटरने एका दमात रेघ ओढायची, तक्ता कडेशी सरकवायचा आणि हलका दाब द्यायचा, की काच रेघेवर मोडते. मध्येच हात थरथरला तर सगळं मुसळ केरात. म्हणून त्याच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, "कापलं तर गप्प राहायचं. रडलास की हात हलतो, हात हलला की आणखी कापतं." दुकानापुरतं हे शहाणपणाचंच बोलणं. पण आपल्या माणसांची खोड अशी, की दुकानाचा नियम दुकानात ठेवतील तर शपथ! तो नियम मागच्या दाराने घरात आला आणि पोरीच्या गळ्यात जाऊन बसला.

"मुलगी म्हणून मी हिला रडूबाई होऊ देणार नाही, मुलासारखी वाढवीन," असं काचवाला चारचौघांत सांगायचा, आणि लोक त्याला पुढारलेला म्हणायचे. मुलांना रडू न देण्याचा जुना जुलूम त्याने मुलीच्याही वाट्याला दिला, एवढंच काय ते पुढारलेपण.

घरात रडणारं माणूस एकच, त्याची बायको. तिला तो 'गळका नळ' म्हणायचा. शेजारणीचं दुःख ऐकलं तरी हिचे डोळे भरायचे. मग पदराला नाक पुसून ती मोकळी व्हायची, आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोपायची. हा मात्र तासन् तास दात आवळून आढ्याकडे बघत पडायचा. दातांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, दाढा झिजल्यात. त्याला वाटलं, वय झालं.

त्या संध्याकाळी पैलवानाने ताट बाजूला सारलं.

"काय गं, जेवत का नाहीस?" आईने विचारलं.

"पोटात जरा दुखतंय."

"कुठं? दाखव बघू. अहो, हिला दवाखान्यात नेऊन आणू या का?"

"जरा म्हणजे जराच," काचवाला म्हणाला. "खरंच दुखत असतं तर रडली नसती का?"

"ती रडते कधी?"

"तेच तर! तुझ्यासारखी नाही ती. काहीतरी अरबट चरबट खाल्लं असेल. हो ना गं, पैलवान?"

पोरीने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, पण घरी आल्यावर खेळायला गेली नाही. दुकानातल्या स्टुलावर पोटाशी गुडघे घेऊन बसली. बापाने रेघ ओढता ओढता विचारलं, "दुखतंय?" ती म्हणाली, "थोडं." थोडं म्हणताना तिचा खालचा ओठ दातांत होता. बापाची नजर काचेवर होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोर म्हणाली, "आता बरं वाटतंय." काचवाल्याने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. "बघ! रडारड न करता बरी झाली की नाही?" दुपारी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं आणि पोट फळीसारखं कडक झालं, तेव्हा आईने शेजारणीला हाक मारली, रिक्षा थांबवली आणि पोरीला उचलून इस्पितळ गाठलं. काचवाला मागून धावत पोचला.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात दाबला. पोरीने पलंगाची दांडी घट्ट धरली. तोंडातून हूं नाही की चूं नाही.

"दुखतं का बाळ?"

"थोडं."

बाईंनी वर पाहिलं. "थोडं? इथं हात लावला तर मोठे बाप्ये किंचाळतात. कधीपासून दुखतंय?"

"परवापासून," आई म्हणाली.

"मग रडली कशी नाही?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. बाई काय ते समजल्या. अपेंडिक्स फुटलं होतं. ते फुटल्यावर घटकाभर आराम पडतो, तेच पोरीचं 'बरं वाटतंय'. ताबडतोब पोट उघडावं लागलं.

पोर वाचली, पण पोटात सगळीकडे पू झालेला, जखम उघडी ठेवलेली, रोज आत बोळा भरून पट्टी बदलायची. आणि तिथेच नवं संकट उभं राहिलं. दुखू नये म्हणून पोर श्वासच वरच्या वर घ्यायची. खोकायची नाही, हलायची नाही, काही सांगायची नाही. छातीत कफ साठू लागला.

डॉक्टरीणबाईंनी काचवाल्याला व्हरांड्यात बोलावलं. "हिची छाती मोकळी व्हायला हवी. औषध मी देतेय. पण पट्टी बदलताना बाकीची पोरं बोंब ठोकतात, त्यांचा श्वास आपोआप खोल जातो, आम्हालाही कळतं कुठं थांबायचं. ही सगळं आवळून धरते. अहो, रडल्यावर जीव हलका होतो, झोप लागते, दुखणंही सोसवतं. हिला रडू द्या."

"मी कुठं अडवलंय आता?" तो पुटपुटला.

"आत्ता नसेल. पण तिला ते कोण सांगणार?"

पट्टीची वेळ झाली. सिस्टरने ट्रे आणून ठेवला. आई आधीच डोळे पुसत होती. काचवाला पोरीच्या उशाशी टेकला. इतक्या वर्षांत जो शब्द त्याने फक्त हिणवायला वापरला, तो आता विनवणीसाठी ओठांवर आणायचा होता.

"बाळा, आज रड. दुखलं की मोठ्याने रड. बाबा काही म्हणणार नाही."

पोरीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग हसली, आपल्याला सगळं कळतं अशा थाटात. "मला फसवतोस काय, बाबा? मी नाही हरणार."

"फसवत नाही गं, राणी. शपथ."

सिस्टरने चिमट्याने जुना बोळा ओढला. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला, मानेच्या शिरा तटतटल्या, मुठी वळल्या. बापाला वाटलं, आपण रडून दाखवावं, म्हणजे हिला खरं वाटेल. त्याने डोळे मिटले, वडिलांचं मरण आठवलं, हीच पोर गेली असती तर, तेही आठवलं. आयुष्यभर बुजवलेला झरा, कुठून पाझरणार? डोळे कोरडे ठणठणीत. बायकोचा हात त्याने घट्ट धरला. तिला तरी रडता येत होतं. त्याला काहीच येत नव्हतं.

नवा बोळा आत जाताना पोरीच्या तोंडून एवढंसं "हूं" निसटलं. बापाने आशेने वाकून पाहिलं. तिने लगेच ओठ मिटले.

पट्टी झाली. सिस्टर ट्रे घेऊन गेली. पोर घामाने भिजली होती, श्वास उथळ, छातीत घरघर. तिने बापाकडे मान वळवली.

"बाबा, शाब्बास म्हण ना."

म्हणावं, तर आपणच तिचा गळा आवळल्यासारखं. न म्हणावं, तर एवढं सोसून पोरीच्या पदरात काय? त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पोर वाट बघत होती. हळूहळू तिचं हसू ओसरलं आणि चेहऱ्यावर अपराधी भाव आला.

"चुकलं, बाबा," ती म्हणाली. "उद्या हूंसुद्धा करणार नाही."