शिसं भरलेला फासा

मित्रांनो, मी एक पितळी फासा आहे. वय फारसं नाही, पण माझ्यावरचा विश्वास मात्र उडाला आहे.

भंडाऱ्यात बाबूलाल पितळेची भांडी घडवतात. त्यांनी आपल्या लेकीसाठी, रुचिकासाठी मला ओतलं, कानशीनं वीस बाजू घासल्या, आकडे कोरले. गडवे-घंगाळी घडवणारा माणूस, पण माझ्यावर जीव ओतला त्यांनी.

रुचिकाचा खेळ गोष्टीचा. ती गोष्ट सांगते, मित्र त्यातली पात्रं होतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार. फासा ठरवतो, कुणाचा डाव साधला. त्यात तिला संगणकतज्ज्ञ आणायचा होता. जादूगाराचे नियम उचलून त्याला चिकटवणं तिला पटेना. मंत्र म्हटला की झालं, असं संगणकाचं नसतं ना! म्हणून तिनं नियम केला, की संगणकाचं प्रत्येक कुलूप उघडताना तज्ज्ञानं मला टाकावं. आकडा कमी आला तर यंत्र सावध होईल आणि पुढचं कुलूप अधिक अवघड होईल. महिनाभर खेळून बघू, मग ठरवू, असं मित्र म्हणाले. रुचिकाचा सगळा जीव त्या नियमात अडकला होता.

तज्ज्ञ झाला मंगेश, तिचा लहानपणापासूनचा शेजारी. ती नागपूरला कॉलेजात असे, रविवारी येई. तज्ज्ञाचा फासा म्हणून आठवडाभर मी मंगेशकडे; बाकीच्यांचे फासे वेगळे. तिचा त्याच्यावर डोळे झाकून भरवसा.

एक दिवस तो मला घेऊन बाबूलालकडे गेला. नव्या नियमात वीसच वर यायला हवा, रुचिकानंच निरोप दिलाय, असं त्यानं सांगितलं. बिचाऱ्यांना खेळातलं काय कळतं? लेकीचं काम म्हणून त्यांनी वीसच्या बरोबर उलट असलेल्या माझ्या एकच्या बाजूला भोक पाडलं, शिसं भरलं, वरून पितळ चढवलं. ज्या हातांनी मला घडवलं, त्यांनीच मला खोटं केलं.

मग मंगेशचं प्रत्येक कुलूप उघडू लागलं. रुचिकानं नियम कडक केला, तरी तेच. शेवटी धनुर्धर झालेली शुभांगी वैतागली. "सारं मंगेशच करते, मंग आमी कायले येऊन राहिलो?" महिना संपला आणि मित्रांनी संगणकतज्ज्ञाचं पात्र, त्याच्या नियमासकट, खेळातून काढून टाकलं.

त्या संध्याकाळी रुचिका स्वयंपाकघरात मला पुन्हा पुन्हा टाकत बसली. वीस, पुन्हा वीस. बाबूलाल कौतुकानं म्हणाले, "बराबर पडून राहिला ना? मंगेशनं तुहा निरोप देल्ला, तसंच शिसं भरलं."

पुढच्या रविवारी तिनं सगळ्यांसमोर मंगेशला विचारलं. त्यानं मान वर केली नाही. "मले काय विचारतं? फासा तुह्या बाबानं बनवला."

मित्रांनो, तिच्या बाबांचं नाव असं मातीत गेलं, आणि मला तोंड नव्हतं.

बाबूलाल शिसं काढायला निघाले, तर रुचिका म्हणाली, "राहू द्या बाबा. आता याच्यावर कोन भरोसा करन?"

नियम पटला नाही तर भांडा, खोडा, नवा करा. पण फाशाला त्याचं त्याला पडू द्या. हरलेला डाव पुढच्या रविवारी पुन्हा मांडता येतो. रुचिका मात्र मंगेशच्या दारावरून जाते आणि तिकडे पाहतही नाही.